सव्वा मापाचा देव

आमच्या पूर्वजांनी नर्मदा ओलांडली त्याला आता तीनशे वर्षे होत आली. बडोदे गायकवाडांकडे कायमचे आले ते १७३४ साली; माळव्यात होळकर-शिंद्यांचे बस्तान बसले तेही त्याच सुमारास. तेव्हापासून आम्ही इथेच आहोत. इथे वाडे बांधले, वाटण्या केल्या, वाडे विकले आणि सदनिका घेतल्या. इथल्याच घाटांवर बापजाद्यांच्या अस्थी सोडल्या. तथापि कोणत्याही पूजेला बसलो की गुरुजी संकल्पात आमचा जो पत्ता सांगतात तो दंडकारण्यातला, गोदावरीच्या दक्षिण तीरावरचा. इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदे ही तिन्ही शहरे गोदावरीच्याच काय, नर्मदेच्याही उत्तरेस आहेत, हे शाळेतल्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. हैदराबाद, बेळगाव आणि गोवा येथील आमच्या बांधवांचे त्या मानाने बरे आहे. त्यांचा पत्ता निदान नदीच्या बाजूपुरता तरी आपोआप बरोबर येतो. आमच्यासाठी निघालेला देव मात्र गोदाकाठच्या कोणा अनोळखी माणसाचे दार ठोठावून, तिथला शिरा खाऊन परत जात असला पाहिजे. आमच्या घराण्यांची जी अवस्था झाली आहे तिचा याहून समाधानकारक खुलासा आम्हांस अद्याप सुचलेला नाही.

काही जाणकार गुरुजी अजून आठवणीने रेवेच्या उत्तर तीराचा उच्चार करतात. त्यांना आमचा नमस्कार. बाकीच्यांना विचारले तर उत्तर ठरलेले असते: "भावना महत्त्वाची." दिवाणी दाव्यात सर्व्हे नंबर चुकला तर भावना महत्त्वाची असे म्हणून न्यायाधीश जमीन आपल्या नावे करून देत नाहीत, हे सांगणारे यजमानच पूजेच्या पाटावर बसताच इतके उदार कसे होतात, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे. आम्ही बोलणार आहोत सत्यनारायणाविषयी. सोळा सोमवार, वैभवलक्ष्मी, गुरुचरित्राचे सप्ताह यांची पाळी पुन्हा कधी तरी येईल.

संकल्प हा मुळात मोठा भव्य प्रकार आहे. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचे दुसरे परार्ध, त्यातला श्वेतवाराह कल्प, त्यातले सातवे मन्वंतर, त्यातले अठ्ठाविसावे कलियुग आणि त्याचा पहिला चरण. एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा. कलियुग ४,३२,००० वर्षांचे, आणि त्यातली पाच हजारांहून थोडीच अधिक सरलेली. हे ऐकताना क्षणभर अंगावर काटा येतो. एवढ्या अफाट काळाच्या काठावर आपण पाटावर मांडी घालून बसलो आहोत, ही जाणीव कोणाही विचारी माणसाला अंतर्मुख करण्यास पुरेशी आहे. आणि त्यानंतर, हा सारा पसारा उलगडून झाल्यावर, आम्ही मागतो काय? नातवाला अभियांत्रिकीला प्रवेश, मुलीला परदेशातले स्थळ, वडिलोपार्जित जागेच्या दाव्याचा निकाल आणि गुडघ्यांना थोडा आराम. हिमालयाच्या शिखरावर चढून जावे आणि तिथे अर्धा कप चहा मागावा, तसे हे होते.

या ४३२ कोटींवरून आमच्या व्यासपीठांवर हमखास एक भाषण होते. शास्त्रज्ञ पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे सांगतात. आमच्या ऋषींनी ४३२ कोटी सांगितले. म्हणजे त्यांना सर्व ठाऊक होते! टाळ्या पडतात. वक्त्याने पंचांग उघडून पाहिलेले नसते एवढेच. ४३२ कोटी हा ब्रह्मदेवाचा पुरा दिवस. त्यातला आजवर गेलेला काळ त्याच पंचांगाच्या हिशेबाने सुमारे १९७ कोटी वर्षे भरतो. म्हणजे ऋषींवर विश्वास ठेवायचा तर पृथ्वीने आपले निम्म्याहून अधिक वय चोरले आहे. ते तिने चोरावे, आमची हरकत नाही. पण टाळ्या वाजवण्यापूर्वी वजाबाकी करायला हवी होती.

आता कथेकडे वळू. पाच अध्यायांची ही कथा आमच्या बहुतेक वाचकांनी पन्नास-साठ वेळा तरी ऐकली असेल, आणि आम्ही पैजेवर सांगतो की तिच्यात काय आहे हे दहांतल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. याचे कारण ती ऐकण्यासाठी नसतेच. कथा चालू असताना पुरुष मंडळी बाहेर चपलांजवळ उभी राहून शहरातल्या जागांचे भाव बोलतात, बायका पानांची तयारी करतात, आणि अध्याय संपल्याची घंटा वाजली की सगळे फूल वाहायला आत येतात. एकदा बसून नीट ऐका, एवढीच आमची विनंती आहे. आमच्या मते सत्यनारायणाविरुद्ध उपलब्ध असलेला सर्वांत जहाल निबंध म्हणजे सत्यनारायणाची कथाच होय.

पहिली अडचण अगदी बाळबोध आहे. कथेतली सर्व माणसे सत्यनारायणाची पूजा करतात आणि कथा ऐकतात. काशीचा दरिद्री ब्राह्मण ऐकतो, त्याचे पाहून लाकूडतोड्या ऐकतो, उल्कामुख राजा ऐकतो, साधुवाणी ऐकतो. पण ब्राह्मणाने पहिली पूजा केली तेव्हा ना लाकूडतोड्या घडला होता, ना वाणी. मग त्या दिवशी गुरुजींनी कोणाची कथा सांगितली? हा प्रश्न आम्ही एका विद्वान शास्त्र्यांना विचारला. त्यांनी आमच्याकडे करुणेने पाहिले आणि पळी-पंचपात्र उचलले.

दुसरी अडचण मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. साधुवाणी नवस करतो की अपत्य झाल्यास पूजा करीन. मुलगी होते, कलावती. वाणी म्हणतो, हिच्या लग्नात करू. लग्न होते आणि वाणी विसरतो. या अपराधाबद्दल देव काय करतो? वाणी आणि जावई व्यापारासाठी परगावी गेले असता, राजा चंद्रकेतूच्या खजिन्यातला चोरीचा माल चोर यांच्याजवळ टाकून पळतात आणि दोघांना चोर म्हणून बेड्या पडतात. चोरी त्यांनी केलेली नाही. देवाला ते ठाऊक आहे, नव्हे, देवाच्याच कोपाने हे घडले असे कथा सांगते. म्हणजे सत्य हे ज्याचे नाव, त्या देवाने खोटा आळ रचला, निरपराध माणसांना तुरुंगात घातले, आणि राजाकडून अन्याय करवला. इकडे घरी बायको-मुलीला चोरांनी लुटले ते वेगळेच. एका पूजेची थकबाकी वसूल करण्याची ही पद्धत आजच्या एखाद्या वसुली एजंटाने अवलंबली तर आपण त्याच्याविरुद्ध फिर्याद नोंदवू.

पुढे सुटका होते. वाणी नौका भरून निघतो. देव दंडी संन्याशाच्या वेषात येऊन विचारतो, नावेत काय आहे? वाणी म्हणतो, वेली आणि पाने. झाले! धनाची वेलीपाने होतात. खोटे बोलल्याची ही शिक्षा, असे गुरुजी इथे आवाज चढवून सांगतात. पण विचारणारा कोण होता? जो आपण नाही ते सोंग घेऊन आलेला. वेषांतर करून आलेल्याने दुसऱ्याचा खोटेपणा पकडावा, यातला विनोद कथाकाराला दिसला नाही. आपल्याला तरी दिसायला हवा.

आणि मग ती कलावती. नवरा परत आल्याची वार्ता येते तेव्हा ती पूजेत असते. कित्येक वर्षांनी भेटणार म्हणून प्रसाद न घेता तशीच घाटावर धावते. एवढ्यावर देव रागावतो आणि नवऱ्यासकट नाव पाण्यात अदृश्य होते. ती मुलगी नवऱ्यामागे मरायला निघते. मग आकाशवाणी होते: घरी जा, प्रसाद खाऊन ये. ती जाते, खाते, नाव वर येते. आम्ही ही कथा लहानपणापासून ऐकली आहे आणि या जागी दरवेळी एकच गोष्ट पाहिली आहे: ऐकणाऱ्या बायका मान डोलवतात. ज्या बायकांचे नवरे आयुष्यभर फिरतीवर होते, ज्यांनी सासूच्या देखत नवऱ्याला पाणीही विचारले नाही, त्याच मान डोलवतात. प्रेमाने धावत सुटणे हा अपराध, आणि वाटीभर शिरा न खाणे ही त्याची व्याख्या! एखाद्या माणसाने आपल्या सुनेशी असे वर्तन केले तर आम्ही त्याच्या घरी पाणी पिणार नाही. देवाने केले की आम्ही त्याला केळीच्या खांबांत बसवतो.

पाचव्या अध्यायातला तुंगध्वज राजा रानात गवळ्यांनी केलेल्या पूजेचा प्रसाद घेत नाही. इथे, न्यायाने बोलायचे तर, आम्ही कथेची बाजू घेतो. गवळ्यांच्या हातचे खायला राजाला कमीपणा वाटला आणि कथेने त्याला ताळ्यावर आणले, हे बरेच झाले. ज्या घरांत अजून कामवालीचा कप वेगळा असतो त्या घरांत हा अध्याय दोनदा वाचावा. परंतु राजाच्या तोऱ्यासाठी त्याचे शंभर पुत्र मारायचे? पुढे ते परत मिळतात हे खरे. तरीही ज्याला शिक्षा आणि सूड यांतला भेद कळत नाही, त्याच्या हाती विश्वाचा कारभार आहे ही कल्पना आम्हांला निवांत झोप देणारी वाटत नाही.

पाचही अध्यायांत शेजाऱ्याशी खरे वागा, नोकराचा पगार वेळेवर द्या, मापात मारू नका, असे एक वाक्य आम्हांला सापडलेले नाही. माप येते ते फक्त प्रसादाचे: रवा, साखर, तूप, दूध, केळी, सारे सव्वा. मूळ रकमेवर पाव हिस्सा वर, की देव प्रसन्न. या पाव हिश्श्याला सरकारी कचेरीत काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको. आमच्या पिढीतल्या अर्ध्याअधिक स्नेह्यांना मधुमेह आहे. तेदेखील तुंगध्वजाच्या भीतीने वाटीभर शिरा खातात आणि घरी जाऊन गोळी घेतात. देव नौका बुडवील याची खात्री नाही. साखर मूत्रपिंडे बुडवते याची आहे.

आता कोणी म्हणेल, हे व्रत आपल्या वाडवडिलांचे. कोणत्या वाडवडिलांचे? प्रत्येक अध्यायाअखेर हे स्कंदपुराणातील रेवाखंडातले असल्याचे सांगितले जाते. रेवा म्हणजे आमचीच नर्मदा. तेव्हा या नात्याने तरी आम्हांला अभिमान वाटावा. पण ज्ञानेश्वरांपासून तुकोबांपर्यंतच्या वाङ्मयात आम्हांला हे व्रत कोठे भेटलेले नाही. भेटते ते बंगालमध्ये. तिथे सत्यपीर नावाचे दैवत हिंदू आणि मुसलमान दोघेही भजत. त्याला पीठ, दूध, केळी, साखर यांची शिरणी वाहत. सत्यपीराच्या बंगाली पोथ्यांत तोच गरीब ब्राह्मण, तेच लाकूडतोडे आणि तसाच समुद्रावर संकटात सापडणारा व्यापारी आहे. बंगाली घरांत सत्यनारायणाच्या प्रसादाला आजही शिन्नी म्हणतात, आणि तो शब्द फारसीतून आलेला आहे. पीर आधी की नारायण आधी, यावर पंडितांत वाद आहे. तो सोडवण्याची आमची योग्यता नाही. दोघे सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत, एवढे मात्र स्पष्ट दिसते. दर्ग्यावर चादर घालणाऱ्याला नावे ठेवणारे आमचे कित्येक मित्र वर्षानुवर्षे पिराच्या चुलतभावाची शिरणी तुपात परतून खात आले आहेत. त्यांना ती पचली, याचा आम्हांला आनंदच आहे.

या सर्वांवर आमच्या समाजात एक शेवटचे उत्तर असते, आणि ते ऐकून भलेभले गप्प बसतात. "अहो, देवाचे सोडा. पण या पूजेच्या निमित्ताने चार मराठी घरे एकत्र येतात. ती बंद केली तर आपले मराठीपण उरेल कशात?" हे उत्तर देणारी माणसे प्रामाणिक आहेत, त्यांची चिंता खरी आहे, म्हणूनच त्याला हसून चालणार नाही. परंतु ते तपासायला तर हवे. बडोद्यातला आमचा गुजराती शेजारी सत्यनारायण करतो आणि शीरोच वाटतो. इंदुरात हिंदी भाषक घरांत पौर्णिमेला हीच कथा होते आणि पंजिरी मिळते. आंध्रातल्या अन्नवरमला सत्यनारायणस्वामींचे प्रसिद्ध देवालय असून तिथे एकेका वेळी शेकडो जोडपी रांगेत बसून हे व्रत करतात. हैदराबादेतल्या आमच्या मंडळींनी ते पाहिलेही असेल. म्हणजे बंगालात ज्याची पाळेमुळे, गुजरात, माळवा आणि तेलंगण-आंध्रात जे घरोघर, त्या व्रताच्या आधारे आम्ही आमचे वेगळे मराठीपण टिकवणार! पागोटे हरवू नये म्हणून ते शेजाऱ्याच्या खुंटीला टांगावे, त्यातला हा प्रकार आहे.

आणि त्या पूजेत मराठी किती असते? मंत्र संस्कृत. कथा पूर्वी मराठी पोथीतून वाचत. मग कॅसेट आली. आता गुरुजी मोबाइल लावून ठेवतात आणि स्वतः दुसऱ्या यजमानाशी फोनवर वेळ ठरवतात. नातवंडे आपसांत हिंदीत बोलतात. अशाच एका घरी आठ-नऊ वर्षांच्या मुलीने आजीला विचारलेले आम्ही ऐकले: "आजी, पर उसकी तो गलती ही नहीं थी ना? फिर नाव क्यों डूबी?" आजी म्हणाली, "चूप, भगवान नाराज होंगे." त्या एका क्षणी त्या घरात दोन गोष्टी गेल्या. मराठी तर गेलीच. आजीनेही हिंदीतच दटावले. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो प्रश्न गेला. तीनशे वर्षे परमुलखात राहून आमच्या घराण्यात जन्मलेला एक अस्सल, चोख, नैतिक प्रश्न आम्ही हातात शिऱ्याची वाटी देऊन मिटवला. असे प्रश्न विचारणारी भाषा हीच एके काळी मराठी होती.

ती कशी होती हे आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांना वेगळे सांगायला नको. जोतीरावांनी १८७३ साली पुण्यात जो समाज काढला त्याच्याही नावात सत्य होते. त्यांनी ते शोधायचे ठरवले, आम्ही ते चौरंगावर बसवून त्याभोवती केळीचे खांब बांधले. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, देवतांची उत्पत्ती माणसाच्या भीतीतून आणि अज्ञानातून कशी झाली यावर निबंध लिहिला, आणि त्याबद्दल जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशांनी हिंदुधर्माची समीक्षा केली ती धर्मशास्त्र कोळून प्याल्यावर. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याच्या पोह्यां'तून आमच्या व्रतवैकल्यांची जी खिल्ली उडवली, तशी आज एखाद्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत छापण्याचे धाडस कोणी करील असे वाटत नाही.

आणि बडोदेकरांना तर पुण्याकडे पाहण्याचीही गरज नाही. सयाजीराव महाराजांनी १९१५ मध्ये हिंदू पुरोहितांसाठी कायदा केला: ज्याला पौरोहित्य करायचे त्याने परीक्षा द्यावी आणि परवाना घ्यावा. डॉक्टरला परीक्षा, वकिलाला परीक्षा, मग परलोकाचा कारभार पाहणाऱ्यालाच माफी का, असा हा साधा विचार होता. याच महाराजांनी १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि गावोगाव वाचनालये पोचवली. त्यांच्या राज्यात गुरुजींची परीक्षा होत असे. आमच्या लोकशाहीत गुरुजी आमची परीक्षा घेतात आणि आम्ही दक्षिणा देऊन नापास होतो.

नरेंद्र दाभोलकर पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघाले असताना मारले गेले. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, त्याविरुद्ध एक कंडी सतत पिकवली जात असे की हा कायदा झाला तर सत्यनारायण आणि वारी बंद होईल. डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. त्याने कोणाचा सत्यनारायण बंद केला नाही. तसे त्यात काही नव्हतेच. पूजेवर बंदी आम्हीही मागत नाही. घरात जो तो आपल्या देवाला हवे ते खाऊ घालो. आमचे भांडण आहे ते पूजेने घराचा उंबरठा ओलांडून आमच्या संस्थांच्या सभागृहात येऊन बसण्याशी.

मराठी वस्तीच्या एका शहरातल्या एका जुन्या संस्थेत वर्धापनदिनी व्याख्यान होत असे. नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील. गेली काही वर्षे त्या दिवशी महापूजा होते. मागच्या खेपेस निमंत्रण देऊन झालेल्या वक्त्याला "पूजेला वेळ लागतो" म्हणून कळवण्यात आले. कार्यकारिणीचे म्हणणे असे की व्याख्यानाला सतरा माणसे येतात, त्यांत वक्ता आणि पहारेकरी धरून. पूजेला सभागृह भरते. हिशेब बरोबर आहे. पण गर्दी हीच कसोटी असेल तर संस्थेने जिलेबीचे दुकान काढावे, इंदुरात ते चांगले चालेल. त्या संस्थेच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली गेले वर्षभर सापडत नाही. पूजेची भांडी मात्र मोजून, यादी करून, नव्या कपाटात ठेवलेली आहेत.

पूजेने मनाला शांती मिळते, कार्यसिद्धी होते, असे अनुभव सांगणारे पुष्कळ भेटतात. शांती मिळत असेल; शिरा खाऊन दुपारी झोपल्यावर ती आम्हांलाही मिळते. कार्यसिद्धीचे म्हणाल तर २००६ मध्ये अमेरिकेत हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवरील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्यांत गुंतागुंत ५९ टक्के रुग्णांना झाली. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली नाही त्यांच्यांत ५१ टक्क्यांना. तेव्हा कोणी आजारी पडल्यास आमच्यासाठी पूजा बोलू नये, आणि बोललीच तर आम्हांला कळवू नये.

राहता राहिला तो मोठा प्रश्न. देव नसेल, नवस नसेल, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा नसेल, तर जगायचे कशासाठी? वय सत्तरीकडे झुकलेल्या आमच्या वाचकांना हा प्रश्न रात्री दोन वाजता पडतो, हे आम्ही जाणतो. कारण आम्हांलाही तो त्याच वेळी पडतो. त्याचे छापील उत्तर आमच्याजवळ नाही. पण एक लक्षात आणून द्यावेसे वाटते. कथेच्या शेवटी पुढल्या जन्मीची नामावळी येते: तो ब्राह्मण सुदामा झाला, लाकूडतोड्या गुहक झाला, उल्कामुख दशरथ झाला. म्हणजे एवढी सगळी पूजा करून दशरथ व्हायचे, आणि मुलाच्या वियोगाने तडफडून मरायचे! याला कोणी जीवनाचे सार्थक म्हणत असेल तर आम्ही या जन्मीच्या पेन्शनवर समाधानी आहोत.

आमच्या पूर्वजांना नर्मदा ओलांडताना जीवनाचे प्रयोजन पक्के ठाऊक होते: चौथाई. त्याचा आता अभिमान बाळगण्याचे कारण नाही. पण ती वसुली संपल्यावर त्यांच्या मुलानातवंडांनी दुसरी प्रयोजने हुडकली. हद्दू-हस्सू खाँसाहेबांच्या गाण्याची तालीम ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशांनी घेतली. त्यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि तो ख्याल दक्षिणेत घेऊन गेले. आजचे महाराष्ट्राचे गाणे फार मोठ्या अंशी त्या एका शिष्याच्या चिकाटीवर उभे आहे. इंदुरात देवळालीकर मास्तरांनी चित्रकलेची शाळा चालवली. बेंद्रे आणि हुसेन तिथलेच विद्यार्थी. मास्तर रोज सकाळी पूजा करीत होते की नव्हते, हे आम्हांस ठाऊक नाही, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या रेषेवरून ते ओळखताही येत नाही. कोणी तरी कोणाला तरी काही तरी नीट शिकवले, एवढे ओळखता येते. ४३२ कोटी वर्षांच्या दिवसात एवढी खूण पुसट आहे खरी; पण तुंगध्वजाची तर तेवढीही उरलेली नाही.

म्हणून आमच्या सर्व मराठी संस्थांना एक लेखी सूचना करून ठेवतो, पुढच्या सर्वसाधारण सभेत तिच्यावर मतदान घ्यावे. वर्धापनदिनी व्याख्यान व्हावे, ते सायंकाळी सहाला सुरू व्हावे, आणि वक्त्याचा मानधनाचा आकडा गुरुजींच्या दक्षिणेहून कमी नसावा. पूजा ज्यांना करायची त्यांनी घरी करावी. संस्थेत करायचाच हट्ट असेल तर कथा मोबाइलवरून न लावता माणसाने मराठीतून वाचावी, आणि प्रत्येक अध्यायानंतर लहान मुलांना प्रश्न विचारण्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत. उत्तरे कार्यकारिणीने द्यावीत, गुरुजींनी नव्हे. पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप तोडण्यासाठी लोहार बोलवावा. त्याचा खर्च आम्ही देऊ. शिऱ्याविषयी आमची तक्रार नाही. व्याख्यान संपल्यावर तो सर्वांना द्यावा, आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी नको म्हटल्यास आग्रह करू नये.